लाकूड होत चाललेलं बाळ

एका राज्यात सोनं नव्हतं, रान होतं. म्हणून घरं लाकडाची, पूल लाकडाचे, होड्या लाकडाच्या आणि राजाचा मुकुटही शिसवाचा. राजा धैर्यकेतूला सगळं चटकन कळे. राणी मृगालीला काहीच चटकन कळत नसे. त्यांना नुकतंच बाळ झालं होतं.

महालामागे बेहड्याचं एक जुनाट झाड होतं. वाकलेलं, आतून पोकळ. वारा सुटला की ते करकरे आणि राणीच्या काळजात धस्स होई.

"महाराज, हे बाळावर पडलं तर?"

"तोडून टाकू," राजा म्हणाला. त्या राज्याची रीतच होती, पोकळ आणि वाकडी झाडं आधी तोडायची. त्याला रान साफ करणं म्हणत.

झाड पडलं. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी ढोलीचं दार मातीनं लिंपून पिल्लासह बसली होती. मादी कशीबशी निसटली. पिल्लू गेलं. तेवढ्यात चोचीत उंबर घेऊन नर आला. तो रानाचा जादूगार होता. त्यानं उंबर खाली टाकलं आणि तो माणसासारखा बोलला.

"राणी, माझं बाळ लाकडात गेलं. तुझं बाळ लाकूड होईल."

"मला ठाऊक नव्हतं, पक्षिराज."

"विचारलं होतंस?"

राणीनं विचारलं नव्हतं.

सकाळी बाळाची पावलं तपकिरी झाली होती आणि त्यांवर रेषा उमटल्या होत्या. दाई गोमाईनं नखानं वाजवून पाहिलं. टक् टक् असा आवाज आला.

"बेहडाच आहे, बाईसाहेब," गोमाई म्हणाली. ती सुताराची लेक होती.

राणी बाळाला उराशी धरून रानात धावली. "उःशाप द्या, पक्षिराज!"

"तीन कामं कर. पहिलं, तुझ्या राज्यात लाकडावाचून कुणाचं अडू नये. दुसरं, माझ्या रानात कुणी बेघर होऊ नये. तिसरं, ही दोन्ही एकाच रानात, एकाच वर्षी व्हावीत."

"पण हे तर एकमेकांच्या..."

"हो," धनेश म्हणाला आणि उडून गेला.

पहिल्या कामासाठी राजानं मांत्रिक काष्ठसिद्धाला बोलावलं. मांत्रिक म्हणाला, "रान म्हणजे काय, उभं असलेलं लाकूड." त्यानं फुंकर मारली. उंबर, मोह, जांभूळ, ऐन सगळे नाहीसे झाले आणि डोंगरभर सागच साग उभा राहिला, सरळ, एका उंचीचा, ओळीत. लाकडाच्या राशी पडल्या. सुतारांनी मांत्रिकाला फेटा बांधला. पण खायला फळ नाही, बसायला ढोली नाही, म्हणून पाखरं निघून गेली. मग एक अळी आली. तिला एक पान आवडलं आणि सगळी पानं तीच होती. डोंगर बोडका झाला. बाळ गुडघ्यापर्यंत लाकूड झालं.

राणीचा जीव घाबरा झाला. तिनं मांत्रिकाला फुंकर परत घ्यायला लावली. रान होतं तसं झालं. तिनं दवंडी पिटवली, आजपासून कुणी कुऱ्हाड उचलायची नाही. रान गजबजलं, धनेशांचे थवे परतले. राणीला वाटलं, सुटले. मग नदीवरचा पूल खचला. छपरं कुजली. व्यापारी शेजारच्या राज्यातून लाकूड आणू लागले आणि तिकडचं रान उघडं पडलं. इकडेही लोक चोरून तोडत, आणि घाईत हाताला लागेल ते तोडत. एक दिवस नावाडीण रंभाई थेट महालात आली. तिचे दिवस भरत आले होते.

"राणीसाहेब, तुमचं बाळ लाकडाचं होतंय, आणि माझ्या बाळाच्या डोक्यावर छपराला लाकूड नाही. आहे की नाही गंमत?"

बाळ कमरेपर्यंत लाकूड झालं होतं.

राजा म्हणाला, "राणी, काय ते एक ठरव."

"तेच तर ठरत नाही."

"मग मी ठरवतो."

"नको!" राणी इतक्या जोरात ओरडली की राजाचा मुकुट तिरका झाला. "तुम्ही चटकन ठरवता आणि मी घाबरून ठरवते. यातच सगळं झालंय."

मग तिनं राजमुद्रेचा हातोडा उचलला. त्याचा ठसा ज्या झाडावर उमटे, तेच झाड लाकूडतोडे तोडत. जड झालेलं बाळ तिनं पाठीशी बांधलं आणि लाकूडतोड्यांना घेऊन ती रानात गेली.

पहिलं झाड वाकडं होतं. हातोडा उगारला तशा मधमाश्या म्हणाल्या, "वर आम्ही आहोत." दुसरा उंबर. तांबट पक्षी म्हणाला, "इतर काही पिकत नाही तेव्हा आम्ही हाच खातो." तिसरा सरळसोट साग. राणीला हायसं वाटलं.

"मी राहते इथे!" खार ओरडली.

लाकूडतोड्यांनी भाकऱ्या सोडल्या. त्यांचा म्होरक्या कोंडाजी म्हणाला, "बाईसाहेब, दिवस मावळायच्या आत एखादं तरी होईल ना?"

राणी खाली बसली आणि रडू लागली. पाठीवरचं बाळ गळ्यापर्यंत लाकूड झालं होतं. नुसते डोळे हलत होते. कुठलं तोडावं हे मला कधीच कळणार नाही, तिला वाटलं. कुठलं गेलेलं सोसणार नाही, तेवढं मात्र थोडंफार कळतंय.

तिनं डोळे पुसले. "कोंडाजी, तुमच्या चंचीतला चुना द्या."

"पान खाणार, बाईसाहेब?"

"नाही. ठेवायच्या झाडांना खूण करणार."

तिनं पोकळ झाडाला चुना लावला. उंबराला लावला. ओढ्याकाठच्या सगळ्या झाडांना लावला. प्रत्येक जातीतलं भरपूर बी टाकणारं थोराड झाड शोधलं आणि त्यालाही लावला. लाकूडतोडे हसू लागले.

"राणीसाहेब झाडांना हळद लावताहेत!"

"हसा," राणी म्हणाली, "पण चुना द्या."

चुना संपला तेव्हा बिनखुणेची झाडं उरली, दाटीनं वाढलेली, एकमेकांचं ऊन अडवणारी. त्यांतली थोडी निवडायची होती. खारीचा साग त्यांतच होता.

"खारूताई, शेजारच्या झाडावर जागा आहे का?"

"आहे. पण हे माझं आहे."

"ठाऊक आहे," राणी म्हणाली. तिनं हातोडा मारला.

खार जे बोलली, ते इथे सांगण्यासारखं नाही.

राणी एक झाड सोडून, दोन सोडून, मागे वळून पाहत हातोडा मारत गेली. पलीकडच्या उताराला तिनं त्या वर्षी हातच लावला नाही. शेवटच्या झाडाशी धनेश येऊन बसला.

"काम झालं?"

"ठाऊक नाही, पक्षिराज. छपरं होतील, पुलाला दोन फळ्या कमीच पडतील. खारीचं घर मी मोडलं, ती शेजारी गेली, पण रागावून गेली. आणि उंबराजवळचा तो ऐन ठेवायला हवा होता की काय, अजून कळत नाही."

"पुढच्या वर्षी?"

"पलीकडच्या उतारावर येईन. तिथेही अशीच गोंधळेन."

धनेशानं मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "बरं. या वेळी विचारलंस."

त्याच क्षणी राणीच्या पाठीवरून काहीतरी गरम ओघळलं. ती दचकली. चोळीवरून, शालूवरून, पार टाचेपर्यंत. कोंडाजीनं वाकून पाहिलं आणि तो खो खो हसू लागला.

"बाईसाहेब, लाकूड कधी मुततं का?"

राणीनं गाठ सोडली. बाळ मऊ होतं, ओलं होतं आणि कमालीचं भुकेलेलं होतं. त्यानं असा टाहो फोडला की रानातली सगळी पाखरं उडाली. राणी तिथेच झाडाला टेकून त्याला पाजायला बसली आणि हसता हसता पुन्हा रडली.

राजानं फर्मान काढलं, आधी चुना, मग हातोडा. तेव्हापासून त्या राज्यात छपरं उभी राहिली, ढोल्या लिंपल्या गेल्या आणि शेजारचं रानही हळूहळू भरलं. हातोडा कुणाच्या हाती द्यायचा, हे मात्र राणी ठरवी. मला सगळं कळतं असं म्हणणाऱ्याला ती गोड बोलून घरी पाठवी.

बाळाचा शाप सुटला, तसा ऐकणाऱ्यांचा घोर सुटो. आणि ज्यांच्या घरी तान्हं आहे, त्यांना थोडी तरी झोप लाभो.