कौलांवरची नम्रता

फार जुन्या काळी वसईच्या एका वाडीत देवदूत उतरला आणि जनावरांना म्हणाला, "उद्या मी देवाचा आशीर्वाद घेऊन येतो. ज्याचं मन नम्र, त्याला तो मिळेल."

सकाळी कोंबडा चर्चच्या कौलांवर चढून ओरडला, "ऐका हो! माझ्याइतका नम्र या वाडीत कुणी नाही!"

"आधी खाली उतर," बोकड म्हणाला. त्याने पुढचे दोन्ही गुडघे टेकले होते आणि दाढी धुळीत लोळवली होती. "नम्रता अशी असते!"

कोंबडा तडक खाली येऊन चिखलात बसला. बोकडाने त्याहून घाण डबकं शोधलं. "मी जास्त लीन!" "चल हट, मीच!" असं करता करता दोघांची चांगलीच जुंपली.

तेवढ्यात देवदूत गोठ्यातून रिकाम्या हातांनी बाहेर आला.

"आशीर्वाद कुठाय?" दोघांनी एकदम विचारलं.

"देऊन आलो. काल मुंगसाने बदकिणीची पिल्लं नेली. ती रडतेय आणि म्हैस वैरण सोडून तिच्याजवळ बसलीय. दोघींना दिला."

"पण त्यांनी तर मागितलाही नाही!" बोकड कळवळला.

"त्यांना त्याची आठवणही नव्हती," देवदूत म्हणाला आणि निघाला.

कोंबड्याने रागारागाने बोकडाच्या डोक्यावर टोच मारली आणि देवदूताला हाक घातली, "अहो, मी जरासुद्धा चिडलो नाही, एवढं तरी देवाला सांगा!"