एक चारोळी जास्त

"माझी अक्कल शेपटीत आहे," असं झुबकी खार स्वतःच सांगायची. माणसाला चारोळी ठाऊकही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

लेकीच्या बारशाला तिने मोजून दोन हजार पाचशे वीस चारोळ्या जमवल्या. काय गुणी संख्या ती! एकीपासून दहाजणींपर्यंत कितीही पाहुण्या येवोत, सगळ्यांना अगदी सारखा वाटा. पण झुबकीने हौसेने आणखी एक टाकली.

दहाजणी आल्या. वाटे केले, तर एक चारोळी उरली. "ती मला!" यावरून भांडून दोघी रुसून गेल्या. आठजणींत वाटलं, तरी एक उरली. आणखी एक गेली. सातजणींतही एक उरलीच!

"असंच चाललं तर पाळणा कोण म्हणणार हो, कासवमावशी?" झुबकी रडकुंडीला आली.

"आधी ती एक खाऊन टाक," मावशी म्हणाली.