न पडणारा स्विच

"पाच वर्षांत एकदा तरी पडला का त्यो?"

"एकदाही नाही, महाराज!" अवधूतची छाती फुगली. "पावसात नाही, दवात नाही. माझं काम म्हणजे काम."

माधवगिरी गोसावी वाकून जनरेटरवरच्या स्विचकडे बघू लागले.

तरुणपणी ते वायरमन होते. खांबावरून उतरले ते थेट भगव्यातच शिरले, असं गाव म्हणे. अवधूत लोहार त्यांच्याच हाताखाली वायर सोलायला शिकला आणि आता पंचक्रोशीतल्या जत्रांना त्याचाच जनरेटर लागे. विद्या हाती आली होती, तिच्या पाठोपाठ ताठाही आला होता.

त्रिपुरी पौर्णिमेची संध्याकाळ होत आली होती. नदीवर धुकं उतरत होतं. पलीकडचा काठ आहे की नाही, तेही कळेनासं झालं होतं.

घाटापुढं नदीच्या गाळात रोवलेल्या लोखंडी कठड्यावर अवधूतनं दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. थोड्याच वेळात बायका गुडघाभर पाण्यात उतरणार, तोच कठडा धरून द्रोणातले दिवे सोडणार. वीज गळली तर ती तोडायला राखणदार एकच, जनरेटरवरचा ईएलसीबी स्विच, गळती कळताच आपोआप खाली पडणारा.

"पाच पावसाळे झाले," महाराज म्हणाले. "एक बी जोड भिजला न्हाई?"

"भिजले असतील की."

"तरी पडला न्हाई?"

"नाही म्हणतो ना!"

महाराजांचा चेहरा उतरला. "मंग त्याला कळलंच न्हाई... अर्थिंगची सळई कुठं हाय?"

अवधूतनं पेटीतून तांबड्या फडक्यात गुंडाळलेली सळई अदबीनं काढली. तिच्यावर हळदकुंकू होतं आणि खंडेनवमीचं झेंडूचं फूल वाळून तसंच चिकटलं होतं.

"दरवर्षी पुजतो, महाराज. पण ठोकू कुठं? घाटाच्या चिऱ्यात लोखंड घालायचं नाही, ही इथली रीत."

"आणि न्यूट्रल?"

"सुटाच, जमिनीला जोडलेला नाही. जनरेटर रबरी चाकांवर, खाली फळी. भीती कसली?"

"गळलेली वीज घरला परत आली, तरच ह्या स्विचला कळतं. तू तिला वाटच ठेवली न्हाईस. दोन जोड भिजले तर ती पाण्यातल्या पाण्यात फिरंल, अन् ह्याला पत्ता बी लागायचा न्हाई."

महाराज उठले. घाट सोडून उंबराखालच्या ओल्या गाळात गेले.

"घाटाची रीत घाटाला. ह्या मातीला कुणी बांधलंय?"

दगडानं त्यांनी सळई खोल ठोकली, कमंडलूतलं पाणी तिच्या मुळाशी ओतलं. अवधूतनं न्यूट्रल जनरेटरच्या अंगाला जोडला, तिथून जाड तार सळईला नेली. हात सराईत होते, तोंड मात्र फुगलेलं.

जनरेटर सुरू झाला. धुक्यात माळा उमलल्या, सगळा घाट क्षणभर सोनेरी झाला...

टक्क!

अंधारलं. अवधूतनं स्विच वर केला.

टक्क!

बायका द्रोण हातात घेऊन पायऱ्यांवर थबकल्या. सगळ्यांत खालच्या पायरीवर अवधूतची आई होती, पदर खोचलेली. दरवर्षी पहिला दिवा तिचाच.

"दिवं गेलं व्हय रं?" तिनं विचारलं.

अवधूतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो महाराजांकडे वळला.

"पाच वर्षं कधी पडला नाही हा! तुम्ही हात लावला नि पडला. भर सणाला सगळ्या गावासमोर माझं नाक कापलंत, महाराज!"

महाराज रागावले नाहीत. खालच्या पायरीवरच्या त्या माउलीकडे त्यांनी पाहिलं.

"पाच वर्षं त्यो पडला न्हाई," ते हळूच म्हणाले. "मंग त्याच्या जागी पाण्यात कोण हुभं हुतं, अवधूत?"