अस्वलाची तिफण आणि रिकामी ओळ

ओढ्याच्या वळणाला पळसाचे दाट जंगल होते, आणि त्या जंगलाच्या कडेला एक अस्वल शेती करून राहत असे. शेती म्हणजे काय, तर ओढ्याकाठचा एक पट्टा. पावसाळ्यात तो पाण्याखाली जाई आणि पळस फुलायच्या सुमाराला उघडा पडे. मागे उरलेल्या ओलीवर उन्हाळी मूग येई. ओल एकदाच मिळायची, म्हणून पेरणीही एकदाच. ती फसली की अस्वलाने मुळे उकरून पोट भरायचे. पट्ट्याच्या बांधावर मुंग्यांचे वारूळ होते, ते अस्वलाच्याही आधीचे. मुंग्या पिकात उतरत नसत, अस्वल बांधाला हात लावत नसे. असे दोघांचे बरे चालले होते.

एका वर्षी अस्वलाने मनावर घेतले की या खेपेला अवजार कसे लखलखीत पाहिजे. त्याची एक तिफण होती, तीन फणांची. तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. वर लाकडी वाटीसारखे चाडे असते. त्यात मुठीतून बी सोडले की ते बांबूच्या तीन पोकळ नळ्यांमधून खाली उतरते, आणि एका फेरीत तीन ओळी पेरून होतात. ही तिफण वर्षभर झाडाखाली पडून होती. अस्वलाने ती ओढ्यावर नेऊन धुतली. दगडावर घासून लोखंडी फाळांना धार आणली, लाकडाला करंजाचे तेल चोळले, जुवाला नवा दोर वळला. एवढे करून हौस फिटेना, म्हणून चाड्याला पळसफुलांचा केशरी रंग दिला. कोल्हा येताजाता बघत होता. तो म्हणाला, "हिला आता पेरायला कशाला काढतोस? नवरीसारखी पाटावर बसव." अस्वलाला ते कौतुकच वाटले.

मग पेरणी झाली. गवा पुढे ओढत होता आणि अस्वल मागे मूठ सोडत होते. हात आपोआप चालत होता आणि डोळे त्या केशरी रंगावर होते. पट्टा संपला तेव्हा मूगही बरोबर संपला. अस्वल समाधानाने घरी गेले.

काही दिवसांनी कोंब वर आले, आणि अस्वल पाहतच राहिले. प्रत्येक फेरीतल्या कडेच्या दोन ओळी अगदी दाट उगवल्या होत्या आणि त्यांच्या मधली ओळ साफ रिकामी होती. सगळ्या पट्ट्यात तसेच. त्याने पलीकडच्या टोकाला जाऊन पाहिले, तिथून काही वेगळे दिसेना. मान वाकडी करून पाहिले. रिकामी ओळ नखाने उकरून पाहिली, तर मातीत कुजलेला एक दाणासुद्धा नाही. पेरले तर आपणच, बी संपले तेही खरे, मग ते गेले कुठे? त्याने गव्याला विचारले. गवा रवंथ करत म्हणाला, "मी पुढं बघून चालतो बाबा. मागचं तू बघायचं होतंस."

तेवढ्यात कोल्हा आला. पट्ट्यात पाऊलही न टाकता त्याने सांगून टाकले की माती न विस्कटता खालच्या खाली दाणा पळवणारे या रानात एकच खाते आहे, आणि शेपटीने बांधाकडे दाखवले. अस्वलाला ते पुरते पटले नाही. पण डोक्यात गोंधळ झाला की तो कुठेतरी नेऊन टाकावासा वाटतो, आणि कोल्ह्याने जागा दाखवली होती. अस्वल कुदळ घेऊन बांधावर गेले.

वारुळाच्या तोंडाशी एक म्हातारी मुंगी होती. अस्वल तिला म्हणाले, "मावशी, माझी मधली ओळ परत द्या."

"कसली ओळ रे?" मुंगीने विचारले. सगळे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "आम्हाला न्यायचंच असतं तर बांधालगतची ओळ नेली असती. कडेची ओळ ओलांडून मधलीच वेचायला आम्हाला काय कमी कामं आहेत?"

तेही अस्वलाला खरे वाटले. आता तर त्याला काहीच कळेना. इकडे कोल्हा मागून कुजबुजत होता की तू विचार करत बस, तोवर उरलेल्या ओळीही जातील. अस्वलाने कुदळ उचलली आणि घातली.

वारुळाची एक बाजू ढासळली. आत पांढरी अंडी होती, गवताचे बी होते. मूग नव्हता. आणखी खाली असेल, असे कोल्हा म्हणाला, म्हणून अस्वलाने दुसरा घाव घातला. तिथेही मूग नव्हता. तेव्हा कोल्ह्याला कुठलेसे काम आठवले आणि तो निघून गेला. मुंग्या तोंडात अंडी धरून बाहेर पळू लागल्या.

अस्वल कुदळ ठेवायला झाडाखाली आले. तिथे तिफण टेकवून ठेवली होती. तिच्या मधल्या नळीच्या खालच्या तोंडातून एक कुंभारमाशी बाहेर आली, पंख पुसून उडाली. तिच्यामागून दुसरी आली. मग मातीचे चार खडे पडले आणि त्यांच्या पाठोपाठ मूग, सरसर, ओंजळभर. तिफण पडून होती तेव्हा कुंभारमाशीने त्या पोकळ नळीत मातीचे घर बांधून पिले ठेवली होती. मधली नळी बुजली, आणि मुठीतले बी उरलेल्या दोन नळ्यांनी वाटून घेतले. म्हणून त्या दोन ओळी दाट. अस्वलाने नळीला डोळा लावला. आता पलीकडचे आभाळ दिसत होते. पेरणीच्या आधी हे एकदा पाहायला किती वेळ लागला असता?

ते मूग ओंजळीत घेऊन अस्वल पुन्हा बांधावर गेले. चूक माझ्या नळीत होती, असे त्याने सांगितले. हे मूग घ्या, मी वारूळ लिंपून देतो, असेही म्हणाले. म्हातारी मुंगी हातचे काम न थांबवता म्हणाली, "घर आम्ही बांधू, मातीचंच आहे. कुठं बांधावं ते कळेना, एवढंच. पुढच्या साली पुन्हा तुला काही उमगलं नाही, तर तू आधी नळी बघशील की आधी कुदळ उचलशील?"

नळी बघेन, असे अस्वलाला म्हणायचे होते. पण वारूळ फोडायचे तर त्याच्या मनात आजही नव्हते, आणि तरी ते त्याच्याच हाताने फुटले होते. त्याने मुगाची ओंजळ आणखी पुढे धरली. मग एक अंडे उचलून म्हातारी मुंगी रांगेला लागली, आणि रांग आडव्या पडलेल्या फांदीवरून ओढ्याच्या पलीकडे गेली.

तात्पर्य एवढेच, मुलांनो : अवजार बाहेरून पुसण्याआधी आतून पाहावे, आणि काही उमगेनासे झाले तर खुशाल थोडा वेळ न उमगता बसावे, पण त्या भरात दुसऱ्याच्या घरावर हात उचलू नये.