यसबा वस्तादाचा निवाडा

फार फार वर्षं झाली. किती झाली, ते आता हिवरतळ्यात कुणालाच नक्की सांगता येत नाही. एक म्हातारा म्हणतो माझ्या पणज्यानं बघितलं होतं, दुसरा म्हणतो पणज्याच्याही पणज्यानं. पण यसबा वस्ताद होऊन गेला, याबद्दल मात्र गावात दुमत नाही.

यसबा हिवरतळ्याच्या तालमीत कुस्ती शिकवायचा आणि आसपासच्या जत्रांतल्या कुस्त्यांचा पंचही तोच असायचा. चाळीस वर्षं त्यानं ही दोन्ही कामं केली. पहाटे उठायचं, आखाड्याची तांबडी माती खणायची, तिच्यात ताक आणि तेल मुरवायचं, पोरांकडून जोर काढून घ्यायचे. जत्रांचे दिवस आले की या गावाहून त्या गावाला पायी जायचं. असं म्हणतात, की मैदानात त्यानं डोळे मिटून घेतले तरी कुणाची पाठ मातीला लागली ते त्याच्या तळपायांना कळायचं.

पण माणूसच तो, थकला. दरवर्षी जत्रा झाली की म्हणायचा, "आता दुसरं कुनीतरी बघा रं." आणि दरवर्षी गाव म्हणायचं, "एवढं एक साल, वस्ताद." असं करत करत पुढची पाच-सहा वर्षंही गेली.

हिवरतळं आणि दुधवडी ही दोन गावं एकाच ओढ्याच्या दोन अंगांना. मध्ये दगडी बांध, बांधाला एक पाट. पावसाळ्यात पाणी दोघांना पुरायचं, पण उन्हाळ्यात एकाच गावाला पुरेल एवढी धार उरायची. त्या धारेपायी दरसाल डोकी फुटायची. शेवटी दोन्ही गावच्या जाणत्यांनी ग्रामदेवीपुढं शपथ घेतली. हिवरतळ्याच्या जत्रेत दोन्ही गावच्या मल्लांची एक कुस्ती लावायची आणि जिंकेल त्या गावानं सात वर्षं उन्हाळ्याचं पाणी घ्यायचं.

पंच कोण, असा प्रश्न आला. दुधवडीचे लोक म्हणाले, "यसबा चालंल." हिवरतळ्याच्या माणसाला दुधवडीनं पंच मानलं, यावरून काय ते समजा.

हिवरतळ्यानं उतरवलं शिरपतीला. सगळे त्याला शिरपा म्हणायचे. यसबाला मूलबाळ नव्हतं. शिरपाला त्यानं आणि त्याच्या बायकोनं, हौसाक्कानं, पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. शिरपाच्या अंगातला एकूण एक डाव यसबानं घातलेला होता.

कुस्ती लागली ती टळटळीत दुपारी. असं म्हणतात, की ऊन उतरलं, सावल्या लांब झाल्या, तरी दोघं मल्ल एकमेकांना सुटेनात. घामानं माती भिजली आणि उन्हानं पुन्हा वाळली. मग एकाएकी दोघं उसळून आखाड्याच्या कडेला आदळले आणि तांबडी धूळ अशी उडाली, की देवळाचा कळस दिसेना. धूळ खाली बसली तेव्हा दुधवडीचा मल्ल खाली होता आणि शिरपा त्याच्या छातीवर.

हिवरतळ्यानं एकच कल्ला केला. फेटे हवेत गेले, हलगी कडाडली. बायका पाटाच्या पाण्याच्या आशेनं रडायला लागल्या. माणसं शिरपाला खांद्यावर घ्यायला धावली, एवढ्यात यसबा पुढं आला. त्यानं वाकून दुधवडीच्या मल्लाचं मनगट धरलं आणि त्याचा हात वर केला.

हलगी थांबली.

हिवरतळ्याचे पाटील जागचे उठले. म्हणाले, "यसबा, नीट बगून सांग."

"बगूनच सांगतोय, पाटील. आधी शिरपाची पाठ लागली. मग त्यो पलटून वर आला."

"एवढ्या धुळीत तुला काय दिसलं?"

"मी धुळीतच हुतो."

पाटील शिरपाकडं वळले. "शिरपा, तूच सांग. लागली का तुजी पाठ?"

शिरपानं वस्तादाकडं पाहिलं. मग भोवतीच्या माणसांकडं पाहिलं. आपल्या गावच्या बाया घागरी घेऊन उभ्या आहेत असं त्याला वाटलं. तो खाली मान घालून म्हणाला, "न्हाई लागली."

पण शपथ होती पंचाच्या शब्दाची. पाणी दुधवडीला गेलं.

पहिल्याच उन्हाळ्यात हिवरतळ्याचे मळे वाळले. माणसं जनावरांना घेऊन दूरच्या डोहावर जाऊ लागली. गावानं यसबाला वाळीत टाकलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. फक्त तालमीत कुणी येईना. वस्ताद समोरून आला की माणसं रस्त्याच्या कडेला होत, ती आदरानं नव्हे. शिरपा मात्र पंचानं बुडवलेला मल्ल म्हणून घराघरात जेवत होता. वस्तादाच्या घराची वाट त्यानं सोडली.

यसबाचाही मळा वाळलाच. हौसाक्का दीड कोसावरून पाणी आणायची. एक दिवस घागर उतरवताना ती म्हणाली, "त्या वक्ताला गप बसला असता, तर दारात पानी असतं."

"असतं," यसबा म्हणाला.

"मग?"

"मग रोज त्येच प्यावं लागलं असतं."

दुसऱ्या दिवशीही ती दीड कोसावर गेली. चौथ्या उन्हाळ्यात तापाच्या साथीत ती गेली. तिला पोहोचवायला मोजकी माणसं आली, त्यांत शिरपा नव्हता.

यसबानं तालीम मात्र बंद केली नाही. शिकायला कुणी नव्हतं, तरी रोज पहाटे तो एकटा माती खणायचा. मातीत घालायला ताक नव्हतं, तेल नव्हतं. आपला घाम तेवढा पडायचा. आणि इथून पुढचं ऐका. असं म्हणतात, की आखाड्याच्या कडेला, जिथं ती कुस्ती संपली होती, तिथं मातीत एक ठसा उमटलेला असायचा. दोन खांदे आणि मधली पाठ. यसबा ठसा मोडून माती सारखी करायचा आणि दुसऱ्या पहाटे ठसा पुन्हा तिथंच असायचा. पाऊस पडला, गुरं चालून गेली, तरी जाईना. यसबानं कुणाला बोलावून तो दाखवला नाही. खणायचा आणि घरी जायचा.

सात वर्षं सरली. पुन्हा कुस्ती लावायची वेळ आली आणि दुधवडीचा निरोप आला, "पंच यसबाच पाहिजे. त्यो नसंल तर कुस्ती न्हाई." पाटील स्वतः यसबाच्या दारात गेले. यसबा उंबऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "पाटील, मी दमलोय. ह्या वक्ताला खरंच दमलोय."

ही गोष्ट शिरपाच्या कानावर गेली. आता त्याचेही केस पिकायला लागले होते. दुसऱ्या पहाटे तो तालमीकडं आला. यसबा पाठमोरा खणत होता. शिरपानं कडेचा तो ठसा पाहिला. तो अंगरखा काढून त्या ठशात उताणा झोपला. खांदे खांद्यांत बसले, पाठ पाठीत बसली, तसूभरही फरक नाही.

झोपल्या झोपल्याच तो म्हणाला, "लागली हुती, वस्ताद."

यसबानं खोरं खाली ठेवलं. "मला ठावं हाय. ऊठ आता, मातीत गारवा हाय."

"आक्का गेली तवा मी आलो न्हाई."

यसबानं हात दिला आणि शिरपा उठला. असं म्हणतात, की त्यानंतर तो ठसा पुन्हा कधी दिसला नाही.

जत्रेच्या दिवशी भर मैदानात शिरपानं दोन्ही गावांपुढं सांगितलं, "माजी पाठ लागली हुती. मी खोटं बोललो." दुधवडीचा एक म्हातारा उठला. म्हणाला, "ज्याच्या शब्दावर आमी सात वर्सं पानी प्यालो, त्याच्या गावाला आमी तहानलेलं ठेवलं. आता कुस्ती नको. एक दिवस तुमी घ्या, एक दिवस आमी घेतो." आणि तसंच ठरलं. ते ऐकायला हौसाक्का नव्हती.

मग सगळ्यांना एकदम वस्तादाची आठवण आली. कुणी फेटा आणला, कुणी शाल आणली, दुधवडीनं चांदीचं कडं आणलं. पाटलांनी यसबाला पुढं घेतलं आणि त्याच्या सेवेचे गोडवे गायला सुरुवात केली. यसबानं त्यांचा हात धरला.

"पाटील, ऱ्हाऊ द्या. पाय दुखत्यात. मला जरा बसू द्या."

पाटील बाजूला सरले आणि त्यांनी आपली घोंगडीची बैठक रिकामी केली. यसबा खाली बसू लागला, पण गुडघे वाकेनात. शिरपा धरायला धावला, तसा त्यानं मानेनंच नको म्हटलं. तो सावकाश, एक हात मातीला टेकून बसायला लागला, आणि तो पुरता बसेपर्यंत एकेक करून सगळं मैदान उठून उभं राहिलं होतं. दोन्ही गावं उभी होती. बसला होता तो एकटा यसबा.

त्या दिवशी पोरांच्या कुस्त्या झाल्या. शेवटची जोड सुटली आणि शिरपा त्याला उठवायला गेला, तेव्हा वस्ताद गेलेला होता. कुणी म्हणतात, तसं नव्हे, तो उठून चालत घरी गेला आणि पुढं पुष्कळ जगला. काय खरं ते देवीला माहीत.

पण हिवरतळ्याच्या जत्रेत अजून एक रीत चालते. पहिली जोड लावण्याआधी आसपासच्या गावांतले म्हातारे वस्ताद आणि पंच बोलावून आणतात. त्यांना शाल नाही, नारळ नाही, त्यांच्यावर भाषण नाही. आखाड्याच्या कडेला घोंगड्या अंथरतात आणि सगळं मैदान उठून उभं राहतं. म्हातारे एकेक करून बसतात. कुणाचे गुडघे वाकत नाहीत, कुणाला हात टेकावा लागतो, वेळ लागतो. हलगीवाला हलगी काखेत धरून थांबतो. शेवटचा म्हातारा बसेपर्यंत कुणी बसत नाही आणि कुणी त्याला घाई करत नाही.