आचार्यांची फुंकर

एकदा एक शिष्य सकाळपासून इतका हरखून गेला होता, की भोजनाच्या वेळी त्याने आमटी समजून पाण्यातच भात कालवला आणि तो चवीने खाल्लाही. त्याचे नाव सुधन्वा. दूरच्या डोंगरी गावातून तो नदीकाठच्या एका विद्यापीठात शिकायला आला होता आणि त्या संध्याकाळी त्याला दीप्तिमंडळात प्रवेश मिळणार होता. म्हणजे, नदीने मिळू दिला तर.

विद्यापीठात छात्रांची मंडळे पुष्कळ होती, पण दीप्तिमंडळाची ऐट निराळी होती. खांद्यावर लाल उपरणे टाकून ती मुले उत्सवात गात निघाली, की नवागत छात्र वाट सोडून उभे राहत आणि हेव्याने बघत. त्यांच्यातला एखादा आजारी पडला, तर चौघे त्याच्या उशाशी बसत. परक्या गावात आपल्या उशाशी बसणारे कुणी असावे, ही काही वाईट इच्छा नव्हे. सुधन्वाला ती फार होती.

तसा त्याला अगदीच कुणी नव्हते असे नाही. त्याच्याच गावचा भार्गव त्याच्या खोलीत राहत होता आणि थंडीत दोघे एकाच घोंगडीत झोपत. ‘मंडळात घेतलं तर दोघांना, नाहीतर कुणालाच नको,’ असे त्यांनी एकमेकांना बजावले होते. असली वचने उबदार घोंगडीत फार सहज देता येतात.

मंडळाची रीत अशी होती: प्रवेश हवा असलेल्याने सूर्यास्ताच्या वेळी पेटती पणती तळहातावर घेऊन नदी ओलांडायची. पाणी छातीपर्यंत येई आणि वारा थेट अंगावर. ज्याची ज्योत पैलतीरी जिवंत पोहोचेल, त्याने शपथ घ्यायची आणि उपरणे मिळवायचे. ज्योत विझली, की माघारी फिरायचे. एकाने दुसऱ्याला ज्योत दिली, तर दोघेही बाद.

त्या वर्षी उपरणी घालण्याचा मान एका वृद्ध आचार्यांना दिला होता. छात्रदशेत मंडळाची स्थापना करणाऱ्या मूठभर मित्रांपैकी ते एक. अनेक वर्षांच्या देशाटनानंतर ते नुकतेच परतले होते आणि पैलतीरावर, लाल उपरण्यांच्या गठ्ठ्याशेजारी बसून कौतुकाने सारे पाहत होते.

शंख वाजला. दोन्ही तीरांवरून एकच आरोळी उठली आणि मुले पाण्यात उतरली. सुधन्वाचे काळीज धडधडत होते, पण हात स्थिर होता. कंबर बुडाली, छाती बुडाली, आणि लाल उपरणी आता स्पष्ट दिसू लागली! तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि शेजारची पणती विझली. ती भार्गवची होती.

“सुधन्वा,” तो म्हणाला, “जरा ज्योत दे रे.”

सुधन्वाने समोर पाहिले. काठावर मंडळाचा नायक आपला दिवा घेऊन, डोळ्यांत तेल घालून उभा होता. सुधन्वाने दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला अधिकच जवळ घेतला आणि काही ऐकूच आले नाही असे दाखवून पाऊल पुढे टाकले. मागे पाणी ढवळल्याचा आवाज आला. भार्गव परत फिरला होता.

काठावर पाय ठेवताच जयघोष झाला. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी मिठी मारली. सुधन्वाच्या आनंदाला पारावार उरला नाही. ओलेत्यानेच धावत जाऊन तो आचार्यांच्या पायांशी बसला आणि त्याने पणती पुढे धरली.

आचार्यांनी ती निरखून पाहिली. मग ते वाकले आणि त्यांनी ती फुंकर मारून विझवली.

जयघोष जागच्या जागी थांबला. दिवा फुंकून विझवू नये, हे तान्ह्या पोरांनाही शिकवतात. आणि इथे तर साक्षात आचार्य!

“आता?” आचार्यांनी शांतपणे विचारले. “माग कुणाकडे तरी.”

सुधन्वाने भोवती पाहिले. नुकत्याच मिठ्या मारणाऱ्या हातांत कितीतरी ज्योती जळत होत्या. त्याने एकाकडे पणती नेली, तर त्या मुलाने हात मागे घेतला. दुसऱ्याने मान फिरवली. पाण्यात भार्गवला काय वाटले असेल, ते सुधन्वाला आता नेमके कळले.

“आचार्य, ज्योत देता येत नाही,” नायक चाचरत म्हणाला. “नियम आहे.”

“आणि शपथ काय आहे तुमची?”

“सुखात आणि संकटात एकमेकांना अंतर देणार नाही.”

“हं. म्हणजे अंतर द्यायचं नदीत आणि शपथ घ्यायची काठावर,” आचार्य म्हणाले. “बाळांनो, आम्ही पहिल्यांदा ही नदी ओलांडली तेव्हा असाच वारा होता. सगळ्यांचे दिवे विझले, कुणाचे तर पुनःपुन्हा. पण एकाच वेळी सगळे कधी विझले नाहीत. ज्याचा जळत होता, त्याच्याकडून बाकीचे लावून घेत गेलो आणि सगळे पेटत्या दिव्यांनी काठाला लागलो. तेव्हा वाटलं, आता आपण एक मंडळ झालो. दिवे पेटते पोहोचले, एवढंच तुमच्या लक्षात राहिलं. कसे पोहोचले, ते तुम्ही नियम करून बंद केलंत.”

सुधन्वा उठला. विझलेली पणती घेऊन तो पुन्हा पाण्यात शिरला.

“अरे थांब!” मागून हाक आली. नायक आपला दिवा सांभाळत पाण्यात धावला होता. “रिकामी पणती घेऊन कुठे निघालास?” त्याने ज्योतीला ज्योत लावली. दोघे पुढे निघाले आणि मध्यावर वाऱ्याने नेमका नायकाचाच दिवा घालवला. त्याने क्षणभर सुधन्वाकडे पाहिले, आणि ओशाळे हसत आपली पणती पुढे केली. मग काठावरचे एकेक दिवे पाण्यात उतरू लागले.

ऐलतीरावर विझलेल्या पणत्या घेऊन मुले बसली होती. भार्गव सर्वांत कडेला होता.

“तू माझ्याकडे बघितलंससुद्धा नाहीस,” तो म्हणाला.

“चुकलो रे. त्या उपरण्यापुढे मला काही दिसलंच नाही. मी घाबरलो होतो.”

भार्गवने आपल्या विझलेल्या पणतीची वात बोटांनी वर सरकवली. मग त्याने पणती पुढे केली. “नीट धर. वारा आहे.”

सारी नदी दिव्यांनी भरून गेली. दोन्ही तीरांवरचे लोक ओरडून ओरडून घसा बसवून घेत होते. ज्योती विझत होत्या, लागत होत्या, आणि कुणाची ज्योत मुळात कुणाची हे कुणालाच सांगता आले नसते.

उपरणी अर्थात कमी पडली. आचार्यांनी एक उचलले, मधोमध फाडले आणि अर्धे सुधन्वाच्या, अर्धे भार्गवच्या खांद्यावर टाकले.

तेव्हापासून दीप्तिमंडळात अर्धेच उपरणे देतात. उरलेले अर्धे कुणाच्या खांद्यावर आहे, हे ज्याचे त्याने लक्षात ठेवायचे असते.