ठकूआईचा गप्प दिवस

फार वर्षांपूर्वी, आपल्या कुरणवाडीत इमारती नव्हत्या, नुसती ज्वारी होती, तेव्हा ठकूआई सगळ्या शिवाराची राखण करायची. शेतातल्या उंच माळ्यावर उभी राहून तिनं एक आरोळी ठोकली की चार शेतांतली पाखरं भुर्र उडायची. असा आवाज पुन्हा झाला नाही, असं म्हणतात.

पण तिची एक रीत होती. पाखरांना ती नुसतं हाकलायची नाही. ओरडायची, "हुर्रऽ हाऽऽ! आज जा गं बायांनो, सुगीला या. तुमचा वाटा ठेवलाय!" आणि खरंच, सुगीत प्रत्येक शेताचा एक कोपरा ती उभा ठेवायला लावायची. त्याला विळा लावायची कुणाची छाती नव्हती. हसू नका, तुमचे आजोबासुद्धा तिला टरकून असत.

मग शहर सरकत सरकत आलं. एकेक शेत विकलं गेलं. शेवटी बाबजी कोलत्यानंही आपलं रान दिलं आणि तिथं इमारत उठू लागली. त्या वर्षी कुरणवाडीत मूठभरही पेरलं नव्हतं. तरी माघात पाखरं आली. परांचीच्या बांबूंवर ओळीनं बसली आणि चिवचिवाट करू लागली.

ठकूआईनं कपाळाला हात लावला. "मीच बोलावलंय गं यांना!"

बाबजी म्हणाला, "ठकूआई, पाखरांना सातबारा कुठं कळतोय? सोड की."

"सातबारा नसंल कळत, माझा शब्द कळतो. त्यांनी तुझं काय घोडं मारलंय? त्यांच्यापुढं मी खोटी पडू होय?"

तिनं आपल्या कणगीतली उरलीसुरली सगळी ज्वारी ओटीत घेतली, अर्धवट इमारतीचा जिना चढली आणि उघड्या स्लॅबवर उभं राहून हाक मारली, "या गं, या!"

पाखरं भुर्रकन उडाली! जन्मभर ज्या आवाजानं हाकललं, त्या आवाजाला ती येतील कशी? म्हातारी आणखी मोठ्यानं ओरडली, पाखरं आणखी लांब गेली. तेव्हा मात्र ती रडली हो, पोरासारखी रडली.

मग तिनं डोळे पुसले, तोंडाला पदर लावला आणि ओटी पसरून गप्प बसली. खाली गवंड्यांनी थाप्या ठेवल्या. एक चिमणी तिच्या गुडघ्यावर उतरली, मग दुसरी, मग साऱ्या शिवाराची पाखरं आली. खांद्यावर, डोक्यावर, हातांवर बसली. लुगड्याचा काठसुद्धा दिसेना. आणि एकदम ती सगळी उठली, तेव्हा स्लॅबवर ना दाणा होता, ना ठकूआई. पाखरांनी नेली, असं म्हणतात. मी म्हणतो, तीच आपणहून त्यांच्यासंगं गेली.

अजूनही माघातल्या एका सकाळी आपण गॅलरीत ज्वारीची कणसं धरून उभे राहतो. पाखरांचं खाऊन होईतो कुणी बोलत नाही. कुकर लागत नाही, स्कूटरी फाटकापर्यंत ढकलत नेतात. गेल्या साली पार्किंगवरून हाडवैर धरलेले पानसरे आणि बोत्रे शेजारी शेजारी उभे होते. दुपारी पुन्हा भांडले म्हणा, कुत्र्याचं शेपूट ते! पण सकाळी एकच चिमणी दोघांच्या कणसांवर आळीपाळीनं बसत होती, आणि पानसऱ्यांनी आपलं कणीस हळूच बोत्र्यांच्या बाजूला सरकवलं.